सगळे हिरवे असताना गोठणारा पडदा: देखरेख-प्रणालीच्या वाचनाचे एक प्रकरण

एका जिल्ह्यात 38 शाखा असलेल्या सहकारी पतसंस्थेच्या मध्यवर्ती संगणक प्रणालीची तपासणी आमच्याकडे आली, तेव्हाचे हे प्रकरण आहे. संस्था ओळखू येऊ नये एवढ्यापुरते काही तपशील बदलले आहेत.

तक्रार साधी होती. दिवाळीनंतर रोज सकाळी अकराच्या सुमारास बऱ्याच शाखांमधील काउंटरचा पडदा पाच-सहा मिनिटे गोठत असे. पासबुक छपाई यंत्रात अडकलेले, समोर खातेदार ताटकळलेला आणि लिपिकाच्या पडद्यावर फिरते चक्र, असे ते दृश्य. शाखाधिकारी मुख्य कार्यालयाला फोन करत. तेथील संगणक विभागात भिंतीवर एक मोठा टीव्ही टांगला होता आणि त्यावर ग्राफाना या सॉफ्टवेअरचा डॅशबोर्ड, म्हणजे मोजमापांचा फलक, अखंड चालू असे. फोन घेणारा तंत्रज्ञ मान वर करून पाही, चारही चौकोन हिरवे दिसत, आणि उत्तर ठरलेले असे: "इथे सगळं हिरवं आहे, साहेब. तुमच्याकडचं नेट बघून घ्या." शाखांनी नेट बघितले, केबल बदलल्या, दोन शाखांनी तर राउटरही नवे घेतले. असा दीड महिना गेला.

तपासणीत शेवटी जे सापडले, ते त्या दीड महिन्यात दर 15 सेकंदांना नोंदले जात होते. डॅशबोर्ड ज्या रीतीने मांडला होता आणि वाचला जात होता, त्या रीतीत ते दिसत नव्हते, एवढेच. म्हणून या लेखात बिघाडाच्या कारणापेक्षा त्या कारणापर्यंत पोहोचताना पडद्यावरील कोणते नियंत्रण कोणत्या क्रमाने हलवावे लागले, याकडे अधिक लक्ष दिले आहे.

पडद्यामागची मांडणी

संस्थेचे मुख्य सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहिलेले होते आणि चार सर्व्हरवर चालत होते. प्रत्येक सर्व्हरवर एकच प्रोसेस आणि तिच्यात 40 थ्रेड, म्हणजे एका वेळी एकेक विनंती हाताळणारे धागे, होते. पुढे विनंत्या वाटून देणारा एनजिनएक्स होता आणि मागे पोस्टग्रेस हा एकच डेटाबेस. मोजमापे गोळा करण्याचे काम प्रोमिथियस करत असे आणि ती दाखवण्याचे काम ग्राफाना.

या दोहोंना लोक एकच वस्तू समजतात, आणि गोंधळाचा काही भाग तेथूनच सुरू होतो. प्रोमिथियसचे काम 2012 मध्ये साउंडक्लाउड या संगीतसेवेत सुरू झाले. ग्राफाना 2014 मध्ये किबाना या दुसऱ्या साधनाच्या तिसऱ्या आवृत्तीतून फुटून वेगळे झाले. एक साठवते आणि हिशेब करते, दुसरे प्रश्न विचारते आणि चित्र काढते. प्रोमिथियसमधील प्रत्येक नोंद यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेला धरून असते, तर ग्राफाना ती नोंद, वेगळे काही सांगितले नसेल तर, बघणाऱ्याच्या ब्राउझरच्या वेळेत दाखवते. ही बाब क्षुल्लक वाटते. पण या प्रकरणातील पहिला चकवा तिनेच दिला.

भिंतीवरील डॅशबोर्डवर वरच्या ओळीत चार चौकोन होते: प्रतिसादवेळ, विनंत्यांची संख्या, चुका आणि सीपीयूचा वापर. गूगलच्या अभियंत्यांनी 2016 मध्ये मांडलेले चार मुख्य संकेत म्हणजे प्रतिसादवेळ, वर्दळ, चुका आणि संपृक्तता (प्रणालीची साधने किती भरत आली आहेत ते). डॅशबोर्ड तयार करणाऱ्याने ते वाचलेले असावेत, हे उघड होते. मात्र चौथ्या संकेताच्या जागी त्याने सीपीयू बसवला होता, आणि हा बदल पुढे महागात पडला. चौकोनांखाली तीन आलेख एका ओळीत होते आणि कालखंड 'गेले सात दिवस' असा कायमचा निवडलेला होता. असा कालखंड का, असे विचारल्यावर संचालक मंडळाच्या भेटीच्या वेळी आलेख भरगच्च दिसावा म्हणून, असे प्रामाणिक उत्तर मिळाले.

पहाटेचा उंचवटा

पहिल्या सकाळी आम्ही टीव्हीसमोरच उभे राहिलो. प्रतिसादवेळेच्या आलेखात रोज एक बारीक उंचवटा दिसत होता. तो कशाचा, असे विचारताच तंत्रज्ञ म्हणाला, "तो बॅकअपचा आहे. पहाटे साडेपाचला बॅकअप लागतो." टीव्हीला जोडलेल्या कीबोर्ड-माउसने त्या टोकावर बाण नेला, तर वेळ 05:45 अशी दिसली. साडेपाचला सुरू झालेला बॅकअप पावणेसहाला दिसणे सयुक्तिकच होते, आणि म्हणून दीड महिना कोणालाही त्या उंचवट्याचा संशय आला नव्हता.

आम्ही तोच डॅशबोर्ड स्वतःच्या लॅपटॉपवर उघडला. तोच उंचवटा तेथे 11:15 वाजता होता.

टीव्हीमागे बसवलेल्या छोट्या संगणकावर लिनक्स नव्याने टाकताना कोणी भारतीय वेळ निवडलीच नव्हती. तो यूटीसीवर चालत होता आणि ग्राफाना त्याच्या ब्राउझरची वेळ इमानेइतबारे दाखवत होते. पाच तास तीस मिनिटांचा तो फरक. बॅकअपची वेळ आणि बिघाडाची वेळ यांच्यात जवळजवळ तेवढेच अंतर पडावे, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. पण पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळाकडे एकदा जरी कोणी पाहिले असते, तरी तो टिकला नसता. कोणत्याही देखरेख-पडद्यासमोर बसल्यावर सर्वांत आधी उजव्या वरच्या कोपऱ्यातील कालखंडाचे बटण उघडून तेथील वेळपट्टा तपासावा, हा नियम आम्ही तेव्हापासून पाळतो.

पुढचा प्रश्न उंचवटा 11:15 लाच का, हा होता. शाखांच्या सांगण्यानुसार पडदा त्याआधीच, अकरा वाजून सात-आठ मिनिटांनी गोठत असे. याचे उत्तर पडद्याच्या रुंदीत होते. ग्राफाना एका आलेखासाठी साधारणपणे त्याच्या रुंदीत जेवढे पिक्सेल बसतात तेवढेच बिंदू मागवते. पडद्याच्या एक-तृतीयांश रुंदीच्या पॅनलमध्ये सुमारे 640 बिंदू बसत होते; सात दिवसांची 10,080 मिनिटे त्यांत वाटली की एका बिंदूच्या वाट्याला सुमारे 15 मिनिटे येतात. म्हणजे 11 ते 11:15 या पाव तासातील सारे काही एका ठिपक्यात कोंबले जाऊन 11:15 या नावाने उभे राहत होते. शिवाय उभा अक्ष 0 ते 30 सेकंद असा पक्का बांधलेला असल्याने तो ठिपका अक्षाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतही पोहोचत नव्हता.

आलेखावरच माउस दाबून 10:45 ते 11:45 एवढा पट्टा आम्ही ओढून निवडला. कालखंड एका तासावर येताच बिंदूंमधील अंतर 15 सेकंदांवर आले आणि ठिपक्याच्या जागी 11:08 ते 11:14 अशी, दोन्ही कडा स्पष्ट असलेली भिंत उभी राहिली. शाखाधिकाऱ्यांच्या तक्रारीतील वेळा तिच्याशी मिनिटाला मिनिट जुळल्या. त्या खोलीत दीड महिन्यात पहिल्यांदाच शाखांचे म्हणणे खरे ठरले. तंत्रज्ञाने लगेच दोन शाखांना फोन लावला, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

सरासरीची सावली

भिंत दिसली, पण तिची उंची 2.8 सेकंद एवढीच होती. शाखांमध्ये अर्धा-अर्धा मिनिट वाट पाहिली जात होती. येथे दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, आणि त्या एकेक करून सोलाव्या लागल्या.

डॅशबोर्डच्या डाव्या वरच्या बाजूला सर्व्हर निवडण्याची यादी होती आणि तीत 'सर्व' हा पर्याय निवडलेला होता. 'सर्व' निवडल्यावर चारही सर्व्हरच्या चार रेषा दिसतील, असे कोणालाही वाटेल. पण तसे होणे न होणे पॅनलमागील क्वेरीवर, म्हणजे मोजमापे मागवणाऱ्या आज्ञेवर, अवलंबून असते. पॅनलच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांच्या मेनूतून आम्ही संपादन उघडले. प्रत्येक सर्व्हरची पी-95 काढून, म्हणजे शंभरांतील 95 विनंत्या ज्या वेळेच्या आत पुऱ्या झाल्या ती वेळ काढून, चारही आकड्यांची पुन्हा सरासरी घेतली जात होती. पी-95 सारख्या मापाची सरासरी घेणे गणिताच्या दृष्टीने निरर्थकच आहे. चार वर्गांतील पंचाण्णवाव्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढून शाळेचा पंचाण्णवावा क्रमांक सापडत नाही. तरीही असे डॅशबोर्ड सर्रास आढळतात, कारण एकच आकडा दाखवायचा असतो आणि हाताशी सरासरीचे फंक्शन असते.

यादीतून आम्ही एकेक सर्व्हर निवडला. पहिला 0.4 सेकंद, दुसरा 0.4, चौथा 0.5. तिसरा 10.

चार आकड्यांची बेरीज 11.3, तिला चाराने भागले की 2.8. चौकोन लाल होण्याची मर्यादा 3 सेकंद ठेवलेली होती. प्रणालीचा एक चतुर्थांश भाग बंद पडल्यासारखा असताना तो चौकोन हिरवा राहत होता, तो या भागाकारामुळे.

तिसऱ्या सर्व्हरची रेषा पाहताना मात्र डोळ्याला काहीतरी खटकले. ती चढून 10 वर गेली आणि सहा मिनिटे तेथेच आडवी राहिली: 9.8 नाही, 10.3 नाही, नेमकी 10.00. विनंत्यांच्या वेळा कधी अशा शिस्तीत राहत नाहीत. आलेखात पूर्णांकावर सपाट झालेली रेषा दिसली की ती मोजमापाची कमाल मर्यादा असावी, असा संशय घ्यावा.

संशय खरा निघाला. प्रोमिथियसमध्ये प्रतिसादवेळा एकेक करून साठवल्या जात नाहीत. त्या ठराविक मर्यादांच्या खणांत मोजल्या जातात. पायथनसाठीच्या त्याच्या लायब्ररीत हे खण मूळचे 5 मिलिसेकंदांपासून सुरू होतात आणि शेवटची नेमकी मर्यादा 10 सेकंद असते. त्यापुढच्या साऱ्या विनंत्या 'अनंतापर्यंत' या एका खणात जातात. शतमक, म्हणजे पी-95 सारखे माप, त्या शेवटच्या खणात पडले, तर प्रोमिथियस त्याच्या आधीच्या खणाची वरची मर्यादा उत्तर म्हणून देते. विनंतीला 11 सेकंद लागोत की 50, पडद्यावर 10 च दिसणार. हे त्या साधनाचे लपवलेले दूषण नव्हे. ते त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. पण पडद्यावर त्याची कसलीच खूण उमटत नाही, आणि तेथे एखादा इशारा असायला हवा होता, असे माझे मत आहे.

खऱ्या वेळा शोधण्यासाठी एनजिनएक्सचे लॉग, म्हणजे प्रत्येक विनंतीच्या नोंदी, उघडले. ते लॉग यूटीसीतच असल्याने आता 05:38 ते 05:44 या वेळात पाहायचे होते. आधीच्या एका तपासणीत कोणीतरी त्याच लॉगमध्ये 11:08 शोधून 'काही आढळले नाही' असा शेरा लिहून ठेवला होता. तिसऱ्या सर्व्हरकडे गेलेल्या मंद विनंत्यांना 34 सेकंदांच्या आसपास वेळ लागत होता. दहाच्या जागी 34 धरले असते, तर ती चुकीची सरासरीसुद्धा 8.8 आली असती आणि चौकोन पहिल्याच दिवशी लाल झाला असता. खणांच्या मर्यादेने आकडा कापला आणि सरासरीने उरलेला पातळ केला. दोहोंपैकी एकच चूक असती, तर हे प्रकरण लिहिण्याची वेळ आली नसती.

उरलेले चौकोन

चुकांचा चौकोन हिरवा राहण्याचे कारण वेगळे आणि थोडे गमतीचे होते. चुका एचटीटीपीच्या उत्तर-क्रमांकावरून मोजल्या जात होत्या. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने अंतर्गत चूक झाल्यास 'कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा' असे सौजन्यपूर्ण पान दाखवण्याची सोय केली होती आणि त्या पानाचा उत्तर-क्रमांक 200, म्हणजे 'सर्व ठीक', असा ठेवला होता.

सीपीयूचा चौकोन त्या सहा मिनिटांत उलट खाली जात होता. तिसऱ्या सर्व्हरचा सीपीयू 20 टक्क्यांच्याही खाली. काम करणारे थ्रेड वाट पाहत बसले असतील तर सीपीयू रिकामाच राहणार. रांग वाढते आहे आणि यंत्र निवांत आहे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तिसऱ्याच कशाची तरी टंचाई आहे असे समजावे. संपृक्ततेच्या जागी सीपीयू बसवणे महागात पडले, असे वर म्हटले, ते या अर्थाने.

ती टंचाई कशाची, हे सॉफ्टवेअरच्या लॉगने सांगितले. वेळ जुळवून पाहताच एकाच संदेशाच्या ओळींमागून ओळी लागल्या: 'क्यूपूल लिमिट ऑफ साइझ 5 ओव्हरफ्लो 10 रीच्ड, कनेक्शन टाइम्ड आउट, टाइमआउट 30'. एसक्यूएल-अल्केमी ही पायथनची डेटाबेस-लायब्ररी मूळच्या मांडणीत एका प्रोसेसला 5 कायमची आणि वर 10 तात्पुरती अशी डेटाबेसशी बोलण्याची 15 कनेक्शने देते. सोळाव्याला 30 सेकंद थांबवते आणि तरीही न मिळाल्यास चूक फेकते. तिसऱ्या सर्व्हरवर 40 थ्रेड 15 कनेक्शनांसाठी ताटकळत होते. शाखांना जाणवणारा अर्धा मिनिट म्हणजे ही 30 सेकंदांची प्रतीक्षा.

पण तिसराच सर्व्हर का? ग्राफानामधील 'एक्सप्लोर' या मोकळ्या फळ्यावर आम्ही विनंत्यांची संख्या सर्व्हरनिहाय मांडली. डॅशबोर्डवर ती फक्त एकूण दिसत होती. एकूणपैकी सुमारे दोन-तृतीयांश विनंत्या तिसऱ्या सर्व्हरकडे जात होत्या. एनजिनएक्समध्ये वाटपाची पद्धत आयपी-हॅश होती. तीत विनंती कोणाकडे द्यायची हे पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ठरते, आणि आयपीव्ही4 पत्त्याचे चारपैकी फक्त पहिले तीन भाग विचारात घेतले जातात. पूर्वी प्रत्येक शाखा आपापल्या ब्रॉडबँडवरून येत असल्याने वाटप बरे होत असे. दिवाळीच्या आधी 26 शाखा एका व्हीपीएनवर, म्हणजे सामाईक खासगी जाळ्यावर, आणल्या गेल्या आणि त्यांना एकाच मालिकेतले, म्हणजे पहिले तीन भाग समान असलेले, पत्ते मिळाले. त्या क्षणापासून त्या साऱ्या शाखा एका सर्व्हरच्या झाल्या.

अकराचे कारण शाखांकडूनच कळले. आदल्या दिवशी पिग्मी एजंटांनी केलेली वसुली यंत्रातून चढवून, नवी यादी छापून त्यांना मार्गी लावण्याचे काम बहुतेक शाखांत याच सुमारास होते. यादी तयार करणारा भाग डेटाबेसमधून नोंदी घेतल्यावर पीडीएफ पूर्ण होईपर्यंत कनेक्शन धरून ठेवत होता. डेटाबेसच्या बाजूने पाहता ही कनेक्शने 'व्यवहार उघडा, काम नाही' या अवस्थेत दिसत होती, आणि त्यांचा आलेख डॅशबोर्डच्या दुसऱ्या, कोणीही न उघडलेल्या पानावर पहिल्यापासून उपलब्ध होता.

दुरुस्ती

पहिली सूचना अर्थातच कनेक्शनांची मर्यादा वाढवण्याची आली. ती आम्ही थोपवली. पोस्टग्रेसची मूळची मर्यादा 100 कनेक्शनांची आहे आणि या संस्थेत ती बदललेली नव्हती. चार सर्व्हरना 15 प्रमाणे 60 लागत होती, ती प्रत्येकी 30 केली असती तर 120 झाली असती आणि एका सर्व्हरचा त्रास डेटाबेसमार्फत चौघांच्या वाट्याला आला असता. त्याऐवजी एनजिनएक्समध्ये सर्वांत कमी जोडण्या असलेल्या सर्व्हरला विनंती देण्याची पद्धत लावली. लॉगिनची माहिती डेटाबेसमध्येच साठत असल्याने शाखेला एकाच सर्व्हरशी बांधून ठेवण्याची गरज मुळात नव्हतीच. यादीच्या कोडमध्ये पीडीएफ बनवण्याआधी कनेक्शन सोडण्याची दुरुस्ती चार दिवसांनी आली.

डॅशबोर्डमध्ये केलेले बदल कमी खर्चाचे होते. वेळपट्टा ब्राउझरवर न सोडता डॅशबोर्डच्या सेटिंगमध्येच आशिया/कोलकाता असा पक्का केला. प्रतिसादवेळेचा चौकोन चौघांची सरासरी दाखवण्याऐवजी चौघांतील सर्वांत वाईट आकडा दाखवू लागला. खणांमध्ये 15, 30 आणि 60 सेकंदांच्या मर्यादा वाढवल्या. सीपीयू खाली सरकवून त्याच्या जागी वापरात असलेल्या कनेक्शनांचा आकडा आणला आणि उभ्या अक्षाची बांधणी सोडली. नेटवर्कमध्ये वा सॉफ्टवेअरमध्ये बदल केला की आलेखावर कंट्रोल दाबून क्लिक करून त्या वेळेची टीप लिहायची, अशी सवय तंत्रज्ञांना लावली. दिवाळीपूर्वीच्या व्हीपीएन बदलाची अशी एक उभी रेघ आलेखावर असती, तर पहिल्या फोनलाच तिच्याकडे बोट गेले असते. संचालकांसाठी सात दिवसांचा भरगच्च आलेख वेगळ्या पानावर ठेवला. तो बंद करण्याचा आग्रह आम्ही धरला नाही.

वाटपाची पद्धत बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चौघांतील सर्वांत वाईट पी-95 दीड सेकंदाच्या आसपास राहिली आणि यादीच्या कोडची दुरुस्ती झाल्यावर ती एका सेकंदाच्या आत आली.

एक गोष्ट मात्र करता आली नाही. व्हीपीएनच्या आधीचे आणि नंतरचे वाटप शेजारी ठेवून दाखवावे, असे संस्थेच्या व्यवस्थापकांना हवे होते, कारण राउटरवर खर्च केलेल्या शाखांना उत्तर द्यायचे होते. प्रोमिथियस मूळच्या मांडणीत 15 दिवसांचीच मोजमापे ठेवते, आणि ती मर्यादा कोणी वाढवलेली नव्हती. दिवाळीपूर्वीचे काहीही शिल्लक नव्हते. या संस्थेत सुमारे 12,000 मालिका, म्हणजे वेगवेगळी मोजमापे, दर 15 सेकंदांना नोंदल्या जातात. एका नोंदीला जास्तीत जास्त 2 बाइट धरले, तरी 90 दिवसांना साडेबारा जीबीच्या आतच जागा लागते. त्या सर्व्हरवर 400 जीबी मोकळे होते. मर्यादा त्याच दिवशी 90 दिवसांवर नेली.